टेस्केची दुसरी फेरी

शनिवार, १५ जून २०१३

स्कोअरच्या वहीत चौकटी असतात, त्यांत मनातलं बसत नाही. म्हणून ही दुसरी वही. मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीबरोबर लिहायची आणि काही घडलं नसेल तर उगाच पाल्हाळ लावायचा नाही, असं ठरवलं आहे.

काल हरलो, सहा-चार. आमच्या हेरन्स टीमचं हे नेहमीचंच. आमच्या गावाला मिसिसिपी आहे, धान्याची कोठारं आहेत आणि कुठल्याही मोठ्या क्लबाने दत्तक न घेतलेली ही बेसबॉलची टीम आहे. तिन्हींपैकी भरून वाहते ती फक्त नदी.

माझी जागा तिसऱ्या बेसच्या मागे, सी विभाग, पहिली रांग, खुर्ची एक. खुर्ची दोन मर्लची, माझ्या नवऱ्याची. मर्लला जाऊन तीन हिवाळे झाले, पण ते तिकीट मी दर हंगामाला घेते, कारण मला पिशवी ठेवायला जागा लागते.

आपली बॅटिंग असली की मॅनेजर टेस्के आमच्या समोरच, कठड्यापासून दहा पावलांवर, खडूच्या चौकटीत उभा राहतो आणि धावणाऱ्यांना हाताने खुणा करतो: पळ, थांब, आडवा हो. एकोणीस वर्षं तो तिथे उभा आहे आणि एकोणीस वर्षं मी त्याच्या पाठीकडे बघून त्याला शिव्या घालते आहे. यंदा त्याने एक नवीनच खोडी काढली आहे. मधेच मान वळवतो आणि हळूच विचारतो, "काय बाईसाहेब, किती गेले?"

मी बोटं दाखवते. एक आऊट झाला असेल तर एक बोट. दोन झाले असतील तर अंगठ्याशेजारचं पहिलं बोट आणि करंगळी, मैदानावरची पोरं दाखवतात तसंच, म्हणजे लांबून घोटाळा होत नाही. तीन गेले की पाळीच संपते, तेव्हा विचारायचा प्रश्नच नाही.

"मरतो तो तुझ्यावर," मागून लॉइड म्हणाला. लॉइड पेटरकिन म्हणजे आमच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. चाळीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होता आणि अजूनही वीस माणसांचं खातो.

"तुझी शेंगांची टरफलं माझ्या कॉलरमध्ये पडताहेत, तेवढं बघ," मी म्हटलं.

काल टेस्केने चारदा विचारलं. शेवटी कुणाला तरी माझ्या वहीची किंमत कळली म्हणायची. काल दिवसभरात मला दुसऱ्या कुणी काही विचारलं नव्हतं.

रविवार, २३ जून

जिंकलो. टेस्केने सात वेळा विचारलं.

मॅचच्या आधी एक गंमत झाली. कोण कितव्या नंबरावर खेळणार ते मॅनेजर कार्डावर लिहून पंचाला देतो. काल पाचव्या नंबरावर घोषणा झाली ब्रेंट सॉयरची. सॉयर दोन वर्षांपूर्वी टीम सोडून गेला. सगळं मैदान हसलं. टेस्केही हसला, टोपी काढून लोकांना दाखवली, कार्ड परत घेतलं आणि दुसरं नाव लिहिलं.

"सॉयर विमा विकतो आता डेव्हनपोर्टला," लॉइड म्हणाला. "फोन लाव, येईलही. तिकडेही त्याचा काही उजेड पडलेला नाही."

टोपीवरून आठवलं. टेस्केला आता दर दहा मिनिटांनी टोपी काढून आत बघायची सवय लागली आहे. आत काय पुरून ठेवलंय कोण जाणे.

शुक्रवार, ५ जुलै

काल चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मॅच, मैदान भरलेलं. टेस्केची बायको ग्लेनिस यंदा एकही मॅच चुकवत नाही. आधी वर्षातून दोनदा यायची आणि विणकाम करत बसायची. आता खेळाडूंच्या बाकाजवळ अगदी कडेला बसते, मांडीवर छोटी वही आणि नजर सारखी नवऱ्यावर. दोन स्कोअर लिहिणाऱ्या बायका एका गावाला जरा जास्तच होतात. मी तिला नमस्कार केला नाही.

शनिवार, २० जुलै

रागाने रात्री झोप लागली नाही, तरी सगळं नीट क्रमाने लिहिते.

आठवी इनिंग. आपण तीन-दोनने पुढे. चेंडू टाकणारा पिचर आपला विल्मर पाउलिनो, डॉमिनिकन पोरगा, काल असा टाकत होता की मी पेन्सिल दोनदा तासली. दोन गेलेले. टेस्के बाकावरून उठला, मधल्या उंचवट्यावर गेला, विल्मरच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलला आणि परत आला. इथवर ठीक. एका इनिंगमध्ये मॅनेजरला पिचरकडे एक फेरी चालते.

दुसरी नाही चालत. दुसऱ्यांदा गेलात की पिचर काढावाच लागतो, मग तो कितीही चांगला टाकत असो. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

पुढचा खेळाडू, चार चेंडू बाहेरून गेले म्हणून, फुकटात बेसवर गेला. त्याच्या पुढचा आला. आणि टेस्के पुन्हा उठला. मला वाटलं, पाणी प्यायला उठला. तो तर निघालाच. विल्मरने दोन्ही हात पुढे केले, थांबा थांबा असे. बाकावरचे दोघे त्याच्या मागे धावले. तो पांढरी रेषा ओलांडून, तीच लांब पावलं टाकत गेला, विल्मरच्या त्याच खांद्यावर तोच हात ठेवला आणि पुन्हा दोन शब्द बोलला. पंच आला. विल्मरने चेंडू दिला आणि मान खाली घालून बाहेर गेला. आत आलेल्या पोराचा हातसुद्धा गरम झाला नव्हता. हरलो, पाच-तीन.

सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे विल्मर चिडला नाही. बाकावर टेस्केच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. मी असते तर डोक्यावर ओतला असता. ग्लेनिस मात्र उठून उभी राहिली होती, तोंडावर हात धरून. तिलाही राग आला असणार.

"लक्ष कुठे असतं या माणसाचं?" मी लॉइडला म्हटलं.

"म्हातारा झालाय गं."

"सहासष्टचा आहे. मी एकाहत्तरची आहे. मी विसरले का काही?"

शुक्रवार, २६ जुलै

काल किराणा दुकानात टेस्के दिसला. डब्यांच्या फळीसमोर एक डबा हातात धरून उभा होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "वाटाणेच आहेत ते. पंचाला विचारायला नको."

माझ्या मते चांगला विनोद होता. भांडण मिटवायला म्हणूनच केला होता.

तो वळला. छान हसला, अगदी सभ्यपणे, दारावर आलेल्या विक्रेत्याकडे बघून हसावं तसा. म्हणाला, "माफ करा हं. आपली ओळख?"

एकोणीस वर्षं. दहा पावलं. यंदाच्या उन्हाळ्यात तर दिवसाला सात वेळा बाईसाहेब, बाईसाहेब.

मी काही बोलायच्या आत ग्लेनिस गाडी ढकलत लगबगीने आली. "चला, उशीर होतोय," म्हणत तिने त्याचा दंड धरला आणि माझ्याकडे न बघता त्याला घेऊन गेली. पाउलिनोला काढलं त्या दिवशी मी कठड्यावरून ओरडले होते, ते त्याला ऐकू गेलं असणार. त्याचा हा सूड. पण तोंडावर बोलायचं ना. ओळखसुद्धा पुसून टाकायची म्हणजे फार झालं. मी दूध न घेताच घरी आले.

संध्याकाळी बसून पेपरला पत्र लिहिलं.

रविवार, २८ जुलै

छापून आलं. खाली माझं पूर्ण नाव, आर्डिस कोल्बे, आणि खुर्चीचा नंबरही. निनावी पत्र मी लिहीत नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी मथळ्यातच घेतलं आहे: 'किती गेले हे ज्याला आपल्याच मैदानावर प्रेक्षकांतल्या बाईला विचारावं लागतं, त्याने आता घरी बसावं.'

लॉइडचा फोन आला. "लिहिलंस झकास," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण आर्डिस, ते विचारायचं तुमच्या दोघांतलं होतं ना गं?"

मी म्हटलं, मैदानावरचं सगळं सगळ्यांचं असतं.

बुधवार, ३१ जुलै

काल टेस्के चौकटीत येऊन उभा राहिला आणि बी विभागातल्या टवाळांनी सुरू केलं, "किती गेले? किती गेले?" पाच-सहाच जण असतील, पण आवाज मोठे. टेस्केने वळून पाहिलं नाही. टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

मला त्याने एकदाही विचारलं नाही.

सहाव्या इनिंगमध्ये दोन गेलेले होते. अशा वेळी चेंडू बॅटला लागला की धावणाऱ्याने मागेपुढे न बघता सुटायचं असतं. टेस्केने आपल्या माणसाला तिसऱ्या बेसवर हात आडवे करून थांबवलं. एकच गेलाय असं त्याला वाटलं असणार. हातातला रन गेला. मी बोटं दाखवत होते, पहिलं आणि करंगळी, पण मांडीवरच. इतकी खाली की ती कुणाला दिसली नसती.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

क्लबाने जाहीर केलं. कुटुंबाला वेळ देता यावा म्हणून मॅनेजर ऑरिन टेस्के हंगाम संपताच निवृत्त होत आहेत. शेवटची मॅच सोमवारी, दोन सप्टेंबरला, कामगार दिनाची.

पोस्टात दोघांनी माझं अभिनंदन केलं.  माझ्या एका पत्राने माणूस जातो, इतकी मी मोठी कधी झाले?

लॉइडने निरोपाची समिती काढली आहे आणि मला बोलावलं. मी म्हटलं, मी समितीतही नाही आणि त्या दिवशी मैदानावरही नाही. मी तिथे बसून टाळ्या वाजवल्या तर लोक म्हणतील, बघा, मारणारीच पहिली रडते आहे.

गुरुवार, १५ ऑगस्ट

काल सकाळी ग्लेनिस टेस्के दारात. हातात झुकिनीचा केक. या दिवसांत ही भाजी परसात एवढी येते की सगळं गाव एकमेकांच्या दारात झुकिनीच नेऊन ठेवतं, म्हणून एवढा केक बघून माणसाचा हेतू कळत नाही. मी तिला आत घेतलं. ती बसली आणि कॉफीला हात न लावता बोलायला लागली.

"मी तुम्हाला माफ करायला आलेली नाही. माझं तुमच्याकडे काम आहे."

"बोला."

"मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. ऑरिनची आठवण चालली आहे. आधी नावं जातील, मग दिवस. अजून एकच हंगाम करायचा असं ऑरिनने ठरवलं. क्लबाला सांगितलं, पोरांना सांगितलं. पोरांनी बाहेर चकार शब्द काढला नाही. टोपीत रोज मी चिठ्ठी घालते. आज कोणाशी मॅच, कितवा नंबर कोणाचा. माझ्या मांडीवरची वही म्हणजे उद्याची चिठ्ठी असते."

मला विल्मरचे पुढे केलेले हात दिसत होते. पाण्याचा ग्लास दिसत होता.

"पण किती गेले हे चिठ्ठीत लिहून देता येत नाही ना," ती म्हणाली. "ते दर मिनिटाला बदलतं. मी म्हटलं, बाकावरच्या पोरांना विचारा. ते म्हणाले, नको, पोरं हळहळतात, त्यांचा खेळ बिघडतो. त्या वहीवाल्या बाईंना विचारतो. त्या शिव्या घालतात, पण आकडा कधी चुकीचा सांगणार नाहीत. आणि कीव करणार नाहीत."

"दुकानात मला ओळखलं नाही त्यांनी," मी म्हटलं. माझाच आवाज मला चिरका वाटला.

"मैदानाबाहेर फारसं कुणाला ओळखत नाहीत. तुम्हाला त्या खुर्चीत बघितलं की ओळखतात."

मग तिने पत्राचं सांगितलं. टेस्केने ते वाचलं आणि त्याला फार लागलं. दुसऱ्या दिवशी पेपर तसाच टेबलावर पडला होता. त्याने पुन्हा पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचलं आणि तेवढंच लागलं. तिसऱ्या दिवशी तिने पेपर फेकून दिला. "आणि चिठ्ठीत लिहिलं, आर्डिसना काही विचारू नका. रोज लिहिते."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"ते नंतर. लॉइडची समिती माइक लावणार आहे, जुने खेळाडू बोलावणार आहे. अकरा जण येऊन विचारतील, ओळखलंत का मला? सगळ्यांसमोर. ऑरिनला माइकपुढे उभं करतील. ते मोडायचं. पण कारण कुणाला सांगायचं नाही. आजारी माणूस म्हणून त्यांना निरोप नको आहे, मॅनेजर म्हणून हवा आहे. आणि दोन तारखेला तुम्ही त्या खुर्चीत बसायचं. चिठ्ठीतली ती ओळ मी त्या दिवशी लिहिणार नाही."

केक तसाच ठेवून ती गेली. मी सबंध दुपार स्कोअरची वही चाळली. सगळं तिथेच होतं, माझ्याच अक्षरात. सॉयरच्या नावावर काट मारलेली, पाउलिनोच्या रकान्यात दोन फेऱ्या. तेवीस वर्षं लिहिते आहे आणि मला वाचता येत नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट

काल लॉइडच्या अंगणात समिती बसली. मक्याची कणसं, सॉसेज आणि नऊ माणसं. लॉइडने आधीच झुलती खुर्ची सांगून ठेवली आहे. बेसबॉलमधून निवृत्त होणाऱ्याला ती द्यायचीच असते, तिथे कुणाचं काही चालत नाही. मग माइक, मग अकरा जुने खेळाडू, मग टेस्केचं भाषण.

मी म्हटलं, "भाषण नको. माइक नको. जुने खेळाडू येऊ देत, पण मैदानात उतरवू नका. लांबून टाळ्या वाजवू देत."

"का?" लॉइडने विचारलं.

"त्याला आवडणार नाही."

"त्याला काय आवडतं ते तू सांगणार?" कणसं भाजणारी लॉइडची बहीण म्हणाली. "पेपरात त्याची लाज काढलीस तू, त्याला घालवलंस तू, आणि आता त्याचे आभारही धड मानू देत नाहीस. कसला गं एवढा आकस?"

कारण जिभेच्या टोकावर होतं. सगळे गप्प झाले असते, मला एक शब्द बोलले नसते. मी गिळलं.

"पत्रात मी त्याची खिल्ली उडवली, विचारतो म्हणून," मी म्हटलं. "मला ती परत घ्यायची आहे. त्या दिवशी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलेल्या सगळ्यांनी, आपली बॅटिंग असेल तेव्हा, किती गेले ते बोटांनी दाखवायचं. आख्ख्या मॅचभर. त्याने मान वळवली की दिसलं पाहिजे. हेच आपले आभार."

"बोटं?" लॉइड म्हणाला. "एकोणीस वर्षांच्या बदल्यात बोटं?"

"हो."

"लोकांना वाटेल चिडवतोय आपण."

"म्हणून मी पेपरात दुसरं पत्र देते. माफीचं. माझ्या नावाने."

लॉइडने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं मागे बसून माझी मानच बघत आलाय, तोंड कधी एवढं निरखलं नसेल. "माइकचं रद्द करतो," तो म्हणाला. "का ते मला कळत नाही. पण तू माफी मागतेस म्हणजे काहीतरी भलतंच असणार."

रविवार, २५ ऑगस्ट

माफीचं पत्र छापून आलं. आतल्या पानावर, छोटंसं, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली. एकाही माणसाचा फोन नाही. चर्चमध्ये एकीने विचारलं, "आता त्यांना घालवून झाल्यावर?" मी हो म्हटलं. खोटं कुठे होतं त्यात.

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज पाल्हाळ लागेल.

काल मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचले. ग्लेनिस तिच्या कडेच्या जागेकडे निघाली होती, तिला हाक मारली. पिशवी उचलून पायाशी ठेवली. "इथून त्यांचा चेहरा दिसतो," मी म्हटलं. ती मर्लच्या खुर्चीत बसली. तीन वर्षांत त्या खुर्चीवर पहिल्यांदा माणूस. पिशवी पायाशीही मावते, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं.

झुलती खुर्ची बाकाजवळ ठेवलेली होती, निळी रिबन बांधून. जुने खेळाडू पहिल्या बेसच्या बाजूला बसलेले. माइक कुठेही नव्हता. लॉइडने शब्द पाळला.

पहिली इनिंग. आपला पहिला माणूस गेला. टेस्के चौकटीत, पाठ आमच्याकडे. मी हात डोक्यावर उंच केला, एक बोट. आजूबाजूला बघायची हिंमत नव्हती. बघितलं तेव्हा हात दोनच होते, माझा आणि लॉइडचा. बी विभागात कुणीतरी फिदीफिदी हसलं. ग्लेनिस समोर बघत राहिली.

टेस्केने टोपी काढली. आत बघितलं. घातली. मग मान वळवली.

"काय बाईसाहेब," तो म्हणाला. "किती गेले?"

महिन्याभरात पहिल्यांदा. तीच मान, तोच हळू आवाज.  ग्लेनिसने माझ्या कोपराला धक्का दिला, तेव्हा कळलं की हात वरच आहे. "एक," मी म्हटलं.

"एक," तो म्हणाला आणि पुढे वळला.

पहिल्या दोन रांगांनी ते ऐकलं. तो खरंच विचारतो, चिडवायला नाही, अडलंय म्हणून विचारतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं असावं. दुसरा गेला तेव्हा सी विभागात वीसेक हात वर होते, पहिलं बोट आणि करंगळी. तिसऱ्या इनिंगला डी विभाग. चौथीत बी विभाग, तेच टवाळ, एकाच्या हातात बिअरचा ग्लास होता तर त्याने दुसरा हात वर केला. आवाज कुणाचाच नाही. टेस्के मान वळवायचा, नुसते हात दिसायचे, तो मान हलवून पुढे वळायचा. पाचव्या इनिंगनंतर त्याने टोपी काढून आत बघितलं नाही.

सातव्यात दोन गेलेले, आपला एक माणूस दुसऱ्या बेसवर. टेस्केने मागे पाहिलं. इकडची बाजू सगळी, आणि पलीकडे पहिल्या बेसच्या बाजूला ते अकरा जुने खेळाडूही उभे, प्रत्येकाची दोन बोटं वर. बाकावर विल्मरची. चेंडू बॅटला लागला आणि टेस्केने हात असा गरागरा फिरवला की खांद्यातून निखळतो की काय. पळ, पळ. तो पोरगा तिसऱ्यावर न थांबता सरळ घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, आला. बरोबर. अगदी बरोबर. मी स्कोअर लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं.

तेवढाच एक रन. हरलो, दोन-एक. नवव्या इनिंगमध्ये आपला तिसरा गेला तेव्हा लोक उठले. मी कुणाला तीन बोटं दाखवायला सांगितलं नव्हतं, तीन कधी दाखवतच नाहीत. पण सगळ्यांनी दाखवली. दोन हजार माणसं तीन बोटं वर धरून उभी, आणि इतकं शांत की धान्याच्या बोटीचा भोंगा ऐकू आला. टेस्केने सगळीकडे हळूहळू बघितलं, मोजल्यासारखं. मग त्याने स्वतः हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. त्यानंतर टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. मी रडले. ग्लेनिस रडली नाही, तिला अजून काम होतं.

गर्दी जराशी पांगल्यावर तो कठड्यापाशी आला. टोपी काढून हात पुढे केला.

"बाईसाहेब, वही तुम्ही चोख ठेवलीत. आभारी आहे."

आभार आम्ही मानायचे होते. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "मॅच तुम्ही चोख सांभाळलीत, टेस्के. मीच आभारी आहे. आणि ते पत्र—"

"कुठलं पत्र?" त्याने विचारलं.

ग्लेनिसने जेमतेम दिसेल अशी नकाराची मान हलवली. माझी माफी आता कधी पोचायची नाही, तिने तेव्हा हात वर करून थांबवली होती तिथेच ती राहिली. "काही नाही," मी म्हटलं. "बरं पत्र होतं एक, नंतरचं."

तो हसला आणि वळला. चौकटीपर्यंत दहा पावलं गेला. तिथे खडू पुसट झाला होता, तो त्याने बुटाने थोडा सारखा केल्यासारखं केलं. थांबला. मग वर बघितलं, मी खुर्चीत दिसले आणि त्याचा चेहरा उजळला. तीच लांब पावलं टाकत तो पुन्हा कठड्यापाशी आला. टोपी काढली. हात पुढे केला.

"बाईसाहेब, वही तुम्ही चोख ठेवलीत. आभारी आहे."

माझ्या मागे शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. लॉइडने श्वास आत घेतला, तो तसाच धरून ठेवला. त्याला कळलं, सगळं, त्याच क्षणी.

मी हात धरला. पहिल्यांदाच धरल्यासारखा. "मॅच तुम्ही चोख सांभाळलीत, टेस्के," मी म्हटलं. "मीच आभारी आहे."

ग्लेनिस कठड्याच्या फाटकातून खाली गेली, तिने त्याचा दंड धरला आणि दोघं झुलत्या खुर्चीकडे गेली. लॉइड वाकून माझ्या कॉलरमधली टरफलं एकेक करून काढत राहिला.

आज सकाळी स्कोअरची वही पूर्ण केली. मॅनेजरच्या फेऱ्यांचा रकाना शेवटी असतो. नवव्या इनिंगनंतरची, कठड्यापर्यंतची फेरी त्यात कुणी लिहीत नाही, मी लिहिली. दुसऱ्या फेरीचा नियम मला पाठ आहे. दुसरी झाली की माणसाला जावंच लागतं.

मी एकच लिहिली आहे.